यजमान आसियान

श्रोतेहो, नमस्कार. मुक्त व्यापार कराराची बातमी आली की आपण विचारतो, आयात शुल्क किती घटलं? आज त्याआधीचा प्रश्न घेऊ: या सगळ्यांना एकत्र बसवलं कोणी?

आपल्या पूर्वेकडे हे काम केलं आसियाननं, आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेनं. प्रश्न होता, या भागातल्या एका मोठ्या मुक्त व्यापार करारात कोण कोण असावं? चीनचा आग्रह होता की आसियानचे तेव्हाचे दहा देश, शिवाय चीन, जपान आणि दक्षिण कोरिया, बस्स. जपान म्हणे, भारत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही हवेत. तेरा की सोळा? वर्षानुवर्षं अभ्यासगट बसले, अहवाल निघाले, गाडी हलेना. तेरा की सोळा! अखेर नोव्हेंबर २०११ मध्ये बालीच्या शिखर परिषदेत आसियाननं तो आकडाच बाजूला ठेवला. ज्यांचा आसियानशी आधीच करार आहे त्यांना दार उघडं, ज्याला यायचं त्यानं यावं. सहाही देश आले! २०१२ मध्ये नॉम पेन्हला वाटाघाटींची घोषणा झाली. ४ नोव्हेंबर २०१९ ला भारत बाहेर पडला, पण उरलेल्या पंधरा देशांनी १५ नोव्हेंबर २०२० ला सह्या केल्या. हाच आरसेप, म्हणजे प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी करार. चीन आणि जपान यांना बांधणारा पहिला मुक्त व्यापार करार, आणि तो जुळवला तिसऱ्यानं.

पण आसियान यजमान आहे, मालक नव्हे. युरोपीय संघासारखं सामाईक शुल्क तिथं नाही, प्रत्येक देशाची शुल्कयादी वेगळी. सामाईक असतो तो माल मूळचा कुठला हे ठरवणारा नियम. २०१० पासून लागू असलेल्या वेगळ्या भारत-आसियान करारात सर्वसाधारण नियम असा: एफओबी किमतीत, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीत, किमान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांचं हवं, आणि बाहेरून आणलेल्या सामानाचा सहा आकडी एचएस कोड, म्हणजे मालाच्या जागतिक वर्गवारीतला क्रमांक, तयार मालाच्या कोडपेक्षा वेगळा हवा. दोन्ही हवं, बरं का, दोन्ही. व्हिएतनामच्या १०० रुपयांच्या पंख्यात ७० रुपयांचे भाग चिनी असले तर शुल्कातली सवलत गेली. त्यातले १० रुपयांचे भाग थायलंडमध्ये बनलेले घेतले की मूल्य ४० टक्के, कारण करारातल्या सगळ्या देशांचा वाटा एकत्र मोजतात. कॉमर्सच्या मुलांना ताळेबंदाइतकंच हे गणितही शिकवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आयातदार फॉर्म एआय, म्हणजे या करारातलं माल मूळचा कुठला याचं प्रमाणपत्र, हाती आला की निर्धास्त होतो. तसं होऊ नका. सप्टेंबर २०२० पासून हा हिशेब कसा बसला याची माहिती आयातदारापाशीच असावी लागते, कागद पाच वर्षं जपावे लागतात. कस्टमनं विचारलं आणि सांगता आलं नाही, तर पूर्ण शुल्क भरण्याची वेळ येऊ शकते. म्हणून पुरवठादाराकडून भागांची यादी, त्यांचे कोड आणि किमती ऑर्डर देण्याआधीच मागवा. पैसे पोहोचल्यावर त्या मिळवणं फार जड जातं.