रक्तात फिरणाऱ्या पिशव्या आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर

स्वादुपिंड जठराच्या मागे, पार पाठीच्या कण्याजवळ असतं. तिथली लहान गाठ पोट दाबून हाताला लागत नाही. भूक मंदावते, वजन उतरतं, पाठ दुखते. पित्त झालं असेल, दगदग झाली असेल म्हणत महिने निघून जातात. डोळे पिवळे झाल्यावर सोनोग्राफी होते. तोवर बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते.

गाठ मात्र या काळात रक्तात एक्सोसोम सोडत असते. निरोगी पेशीही ते सोडतात. प्रथिनं आणि आरएनए (जनुकांचे निरोप वाहणारे रेणू) भरलेल्या या पिशव्या असतात साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या. साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या दिसतच नाहीत. प्रयोगशाळेत रक्तद्रव गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने फिरवतात. नळीच्या तळाशी दिसेल न दिसेल असा साका बसतो. त्यात त्या असतात.

1983 साली अपरिपक्व लाल रक्तपेशींत त्या आढळल्या, तेव्हा हा पेशीने बाहेर टाकलेला कचरा समजला गेला. 2015 मध्ये संशोधक डेव्हिड लायडन यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं, की या कॅन्सरचे एक्सोसोम आधी यकृतात पोचतात, तिथल्या कुप्फर नावाच्या भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि गाठीची पेशी येण्याआधीच तिला रुजायला जागा तयार होते. वाचताना अंगावर काटा येतो.

त्याच वर्षी अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर केंद्रात रघू कल्लुरी यांच्या गटाने ग्लिपिकन-1 हे प्रथिन असलेले एक्सोसोम शोधून कॅन्सर लवकर ओळखता येतो, असं मांडलं. केवढी आशा वाटली! पण पुढे इतर प्रयोगशाळांना तितका स्वच्छ निकाल मिळाला नाही. म्हणून कुणी आज ‘एक्सोसोमची तपासणी करून घ्या, निर्धास्त व्हा’ म्हणालं, तर विश्वास ठेवू नका.

उपचाराची वाट मला अधिक ठोस वाटते. या कॅन्सरच्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत पेशींच्या वाढीवर ताबा ठेवणारं केरास जनुक बिघडलेलं असतं. कल्लुरींच्या गटाने निरोगी पेशींच्या एक्सोसोममध्ये त्यातल्या जी12डी या बिघाडाला गप्प करणारा आरएनए भरला. एक्सोसोमवर सीडी47 हे प्रथिन असतं, त्यामुळे रक्तातल्या भक्षक पेशी त्यांना सहज गिळत नाहीत. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात उंदरांच्या गाठींची वाढ रोखली गेली, उंदीर जास्त जगले. त्यानंतर ह्यूस्टनमध्येच, कॅन्सर शरीरात पसरलेल्या आणि हाच बिघाड असलेल्या रुग्णांवर पहिल्या टप्प्याची चाचणी हाती घेतली गेली. तिथला पहिला प्रश्न साधा आहे: हे औषध माणसाला झेपतं का, आणि किती मात्रेपर्यंत?