गिटार पावरीशी जुळवा

वसतिगृहातून आलेल्या मुलांनो आणि मंडळी,

सुरगाण्याहून येताना माझ्या मांडीवर मामांची पावरी होती, आमचं फुंकून वाजवायचं वाद्य. वाळलेला दुधी, बांबूच्या दोन नळ्या, पुढे कर्णा आणि सांधे सगळे मेणाचे. उन्हानं मेण सैल झालं की सूर गळतो, म्हणून एसटीत मी सावलीच्या बाजूचीच सीट धरतो.

हीच पावरी घेऊन काही वर्षांपूर्वी आम्ही इथल्या एका स्टुडिओत गेलो होतो. गाणं आमच्या कोकणा आदिवासींच्या कोकणी बोलीतलं, सोबत गिटार आणि कीबोर्ड. मामांनी पावरी फुंकली आणि कीबोर्डवाला थांबला. ‘ही बेसूर आहे, नंतर कॉम्प्युटरवर सरळ करून घेऊ,’ म्हणाला. मामांनी माझ्याकडे बघितलं. ‘मग इतकी वर्षं गाव नाचतंय ते बेसुरावर का रे?’ मला उत्तर देता आलं नाही. पावरी सरळ झाली आणि गाण्यातला जीव गेला.

त्यानंतर मी ‘योथू यिंदी’ हा बँड मन लावून ऐकायला लागलो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड आहे, तिथल्या योल्ङू आदिवासींचा हा बँड. १९८६ साली योल्ङू गायक-वादक आणि काही गोरे रॉकवाले एकत्र आले. नावाचा अर्थ लेकरू आणि आई. योल्ङूंमध्ये आईच्या कुळाशी लेकराचं जे नातं असतं, जी जबाबदारी असते, ती या नावात आहे.

१९८९ची त्यांची पहिली तबकडी ऐका. एका बाजूला रॉक, दुसऱ्या बाजूला पारंपरिक गाणी. जणू एकाच घरात दोन चुली! दोन वर्षांनी ‘ट्रीटी’, म्हणजे ‘करार’, हे गाणं आलं आणि चूल एक झाली. गाण्यामागची हकीकत अशी, की १९८८ साली बारुंगा इथं पंतप्रधान बॉब हॉक यांनी १९९०पर्यंत आदिवासींशी करार करू, असा शब्द दिला होता. करार झाला नाही. इंग्रजी आणि गुमाच भाषेतलं हे गाणं मात्र जगभर वाजलं.

आता मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट सांगतो. योल्ङूंच्या विधींतली कुळगाणी, ‘मनिकाय’, ही त्या त्या कुळाची ठेव असते. ती कुणी गायची, कधी गायची, हे कूळ ठरवतं. देशापुढं एवढी मोठी मागणी मांडायची होती, तरी ‘ट्रीटी’साठी बँडचे मुख्य गायक मांडावुय युनुपिंगू यांनी धागा उचलला तो ‘जत्पंगारी’चा. म्हणजे यिरकालाच्या तरुण पोरांची मौजेची, नाचाची गाणी. मांडावुय त्याच गावच्या शाळेचे मुख्याध्यापकही होते, घरातलं काय आणि अंगणातलं काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडंही हे आहेच. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचं व्रत धरलेले भाया जे गातात, ते पौर्णिमेपर्यंतचं, त्या वाटेवरचं. धान्याची देवी कणसरी, तिची कथा थाळीवर सांगतात. थाळीच्या मधोमध मेणात काडी उभी रोवलेली, म्हातारा दोन्ही हातांची बोटं आळीपाळीनं वरून खाली ओढतो आणि एक घूं घूं नाद रात्रभर संपत नाही. तो नाद कापून तीन मिनिटांच्या गाण्यात घालू नका, मी हात जोडून सांगतो. घ्यायचंच असेल तर आधी भगताला, गावाला विचारा. नाचाच्या चाली मात्र अंगणातल्या आहेत. त्या घ्या, त्यांवर नवे शब्द बांधा. वसतिगृहाचं जेवण, नाशकातली मजुरी, द्राक्षबागेत छाटणीला गेलेली आई, सगळं मावतं त्यात.

आणि सुराचं म्हणाल, तर मामांना द्यायचं उत्तर आता माझ्याकडं आहे. पावरीचे सूर नळीच्या लांबीवर, भोकांवर ठरतात. दोन पावऱ्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही. तिला खुंटी नाही, पिळून जुळवता येत नाही. गिटारला सहा खुंट्या आहेत. मग हलायचं कुणी?

आज गिटारवर बसलेला मुलगा पेठचा आहे. त्यानं अजून एकही तार जुळवलेली नाही, मीच थांबवलंय. मामा, तुम्ही सुरू करा. तो ऐकेल आणि मग खुंटीला हात लावेल.