दया आणि तिची व्यवस्था

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगस्ट १६१७ मध्ये फ्रान्समधील शातियों या गावात व्हिन्सेंट द पॉल नावाचे धर्मगुरू रविवारच्या उपासनेची तयारी करीत होते. त्या वेळी त्यांना निरोप मिळाला, की गावाबाहेरच्या एका घरातील सगळीच माणसे आजारी पडली आहेत आणि त्यांची शुश्रूषा करायला कोणीही उरलेले नाही. व्हिन्सेंट यांनी ही हकीकत प्रवचनात सांगितली. नंतर ते स्वतः त्या घराकडे निघाले, तेव्हा वाटेवर माणसांची रीघ लागली होती. कोणी अन्न घेऊन चालले होते, तर कोणी देऊन परतत होते. आपल्या शब्दांचा असा परिणाम पाहून कोणत्याही वक्त्याला धन्य वाटले असते, पण व्हिन्सेंट यांना चिंता वाटू लागली. त्या दिवशी आलेले सगळे अन्न त्या कुटुंबाला संपणार नव्हते, त्यातील बरेचसे नासणार होते आणि थोड्याच दिवसांत ते घर पुन्हा पहिल्यासारखेच निराधार होणार होते.

म्हणून त्यांनी त्याच आठवड्यात गावातील काही स्त्रियांना एकत्र केले आणि एकेकीने एकेक दिवस आजाऱ्यांची सेवा करावी अशी पाळी लावून दिली. पुढे या कामासाठी त्यांनी जी नियमावली लिहिली, तिच्यात जमाखर्च कोणी ठेवायचा येथपासून रुग्णाला जेवण वाढताना त्याच्याशी कसे बोलायचे येथपर्यंत बारकावे आहेत. त्यातील एक नियम मला विशेष वाटतो. ज्या रुग्णाजवळ घरचे कोणी आहे, त्याच्यापासून सेवेला सुरुवात करावी आणि जो अगदी एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ थांबता येते. इतक्या साध्या क्रमामागे माणसाच्या एकटेपणाचा केवढा विचार आहे!

आपल्या भागातील ख्रिस्ती मंडळीमार्फत गरजू शेजाऱ्यांची सेवा करू इच्छिणाऱ्यांशी आज बोलायचे आहे. माझे मत असे, की मंडळीत दयेची वाण सहसा नसते, वाण असते ती व्यवस्थेची. व्यवस्था म्हटले की पुष्कळांना रूक्ष कारभार आठवतो आणि प्रेमाच्या कामात त्याची काय गरज, असे ते विचारतात. पण पाळी लावणे, नोंद ठेवणे आणि ठरल्या वेळी ठरल्या दारी पोहोचणे हेदेखील प्रेमाचेच काम आहे, हे पहिल्या मंडळीला फार लवकर समजले होते. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याची हकीकत येते. यरुशलेममधील मंडळीत रोजच्या वाटपाच्या वेळी ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार आली. प्रेषितांनी ती दडपली नाही किंवा तक्रार करणाऱ्यांना सहनशीलतेचा उपदेशही केला नाही. त्यांनी पंक्तिसेवेसाठी सात माणसे निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांना डावलले जात होते, बहुधा त्यांच्याच गटाच्या हाती वाटपाचा कारभार सोपवला गेला, असा याचा अर्थ पुष्कळ अभ्यासक लावतात. आपल्या मंडळीतील सेवासमितीत कोण बसते आणि कोण कधीच बसत नाही, हे पाहताना हा प्रसंग आठवावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. एखाद्या घरी मृत्यू झाला, कोणाची नोकरी गेली किंवा कोणी दीर्घ आजारातून उठत असले, की आपण भेटायला जातो आणि निघताना म्हणतो, ‘काही लागलं तर सांगा हं.’ हे वाक्य मनापासूनचे असते आणि तरीही बहुतेक वेळा निरुपयोगी ठरते, कारण त्यात मागण्याचे सगळे ओझे आधीच वाकलेल्या माणसावर पडते. त्याला काय लागते ते ठरवायचे, ते कोणाला सांगावे याचा विचार करायचा, समोरच्याला जड जाणार नाही ना याचा अंदाज घ्यायचा आणि मग स्वतःचा संकोच गिळून फोन करायचा. सहसा तो फोन येत नाही. त्याऐवजी ‘गुरुवारी दुपारी मी दोन तास आजींजवळ बसते, तेवढ्यात तुम्ही बँकेचं काम उरकून घ्या, चालेल का?’ असे विचारले, तर समोरच्याला केवळ हो किंवा नाही म्हणायचे उरते. मदत जितकी नेमकी असेल तितकी ती स्वीकारणे सोपे जाते. रुग्णाला तपासणीसाठी नेणे, पेन्शनचा अर्ज भरून देणे, शाळकरी मुलाचा अभ्यास घेणे, रात्रंदिवस सेवा करून थकलेल्या सुनेला किंवा मुलाला अर्धा दिवस मोकळा मिळवून देणे, अशी ही कामे दिसायला किरकोळ असतात. पण ती ज्याची अडलेली असतात त्याला त्यांचे मोल ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट काळाविषयी. दुःखाच्या पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते, पण दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे नातलग परतल्यावर आणि इतरांच्या दृष्टीने सगळे सुरळीत झाल्यावर, त्या दारात फारसे कोणी फिरकत नाही. मंडळीच्या वहीत त्या नंतरच्या महिन्यांची पाळी आधीच लिहून ठेवलेली असावी. पहिल्या आठवड्याची चिंता करण्याचे कारण नाही. तो आपोआप पार पडतो.

गुप्ततेबद्दल थोडे कठोर बोलणे भाग आहे. एखाद्याच्या घरातील कर्ज, व्यसन किंवा मारहाण ही गोष्ट प्रार्थनेचा विषय म्हणून सभेत सांगितली जाते आणि संध्याकाळपर्यंत ती सगळीकडे पोहोचते. सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, पण त्या घरातील माणसे पुन्हा कधीही कोणाजवळ मन उघडे करीत नाहीत. ज्याची गोष्ट आहे त्याची परवानगी घेतल्याशिवाय प्रार्थनेतसुद्धा नाव घेऊ नये. मात्र एखाद्या लहान मुलाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल, तर तेथे गुप्ततेचे वचन लागू होत नाही. ती माहिती जबाबदार अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचलीच पाहिजे. घरभेटीला शक्यतो दोघांनी मिळून जावे आणि कोणत्याही स्वयंसेवकाने परक्या मुलासोबत बंद खोलीत एकटे राहू नये, हे नियमही असेच काटेकोर असावेत. ‘आपल्या मंडळीत असं काही होणार नाही’ या भरवशावर मुलांची सुरक्षितता सोडता येत नाही.

सेवेलाही मर्यादा असते, ही गोष्ट उत्साही माणसांना पटायला अवघड जाते. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या प्रवाशाचा, दाखला आपण नेहमी त्याच्या दयेसाठी सांगतो. पण दुसऱ्या दिवशी तो काय करतो, इकडेही लक्ष द्यावे. तो दोन दीनार उतारशाळेच्या रखवालदाराला देतो, जखमी माणसाची काळजी घ्यायला सांगतो, अधिक खर्च झाला तर परत येताना देईन असे कबूल करतो आणि आपल्या वाटेने पुढे जातो. तो स्वतःचा प्रवास सोडून देत नाही, पण जबाबदारीही वाऱ्यावर सोडत नाही. ती योग्य माणसाकडे सोपवून परत येण्याचे ठरवतो. आपल्यातील जे स्वयंसेवक एकाच कुटुंबासाठी दिवसरात्र धावतात आणि वर्षभरात थकून सगळेच काम सोडतात, त्यांना या दुसऱ्या दिवसाची आठवण कोणीतरी करून द्यायला हवी.

याच दाखल्यातील शोमरोन्याचे नाव मिळालेली ‘समॅरिटन्स’ ही संस्था १९५३ मध्ये लंडनमधील एका चर्चमध्ये सुरू झाली. आत्महत्येच्या विचाराने त्रस्त असलेल्यांनी फोन करावा, असे आवाहन चॅड व्हारा या पाळकांनी केले होते आणि भेटायला येणाऱ्यांशी ते स्वतः बोलत असत. आलेल्या लोकांना बाहेर थांबावे लागे, तेव्हा काही स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि त्यांच्यापाशी बसत. पाळकांच्या असे लक्षात आले, की कित्येकांना त्या बाहेर बसलेल्या साध्या माणसांशी बोलूनच हलके वाटते आणि आत येण्याची गरजच उरत नाही. काही महिन्यांतच, १९५४ च्या फेब्रुवारीत, त्यांनी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांवर सोपवले. ही संस्था धर्मप्रसार करीत नाही. फोन करणाऱ्याचा धर्म तेथे विचारला जात नाही.

धर्माचा विषय निघालाच आहे, तर स्पष्टच सांगतो. मदतीच्या बदल्यात कोणाकडून उपासनेला हजेरी, नावनोंदणी किंवा कृतज्ञतेची साक्ष मागणे म्हणजे सेवेचा सौदा करणे होय. चौथ्या शतकात ज्युलियन या रोमन सम्राटाला ख्रिस्ती धर्म मुळीच मान्य नव्हता. तरीही ३६२ च्या सुमारास आपल्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात त्याने खेदाने नोंदवले, की हे गालिली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असे म्हणे) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने दिलेली ही कबुली मला कोणत्याही प्रशस्तीपेक्षा मोलाची वाटते. आपल्या काळात, १९९४ मध्ये, रेडक्रॉस आणि मदतसंस्थांनी आपत्तिकाळातील कामासाठी जी आचारसंहिता तयार केली, तिच्यात मदतीचा उपयोग कोणत्याही धार्मिक वा राजकीय मताच्या प्रसारासाठी करू नये असे कलम आहे. ती पुढे आणणाऱ्यांमध्ये कॅरिटास ही कॅथलिक मदतसंस्था आणि चर्चेसची जागतिक परिषद याही होत्या, म्हणजे हे बंधन चर्चने स्वतःहून स्वीकारलेले आहे. कोणी विचारले, तर आपण हे का करतो ते मोकळेपणाने सांगावे. न विचारता सांगत सुटू नये.

पैशाच्या बाबतीत प्रेषित पौलाचे उदाहरण पुरेसे आहे. यरुशलेममधील गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम पोहोचवताना त्याने मंडळ्यांनी नेमलेली माणसे सोबत घेतली आणि कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून ही खबरदारी घेतल्याचे करिंथ शहरातील मंडळीला लिहून कळवले. दानपेटी दोघांनी मिळून मोजावी, पावती द्यावी आणि हिशेब मंडळीपुढे मांडावा. यापेक्षा अधिक बोलण्याची आवश्यकता नाही.

ज्या मंडळीत असे काम अजून सुरू झालेले नाही, तिने मोठ्या योजनेची वाट पाहू नये. दोन जबाबदार व्यक्ती, एक वही आणि चर्चच्या आसपासची तीन-चार घरे एवढ्यावर आरंभ होतो. त्यातले एखादे घर मंडळीबाहेरचे असावे. पहिल्या भेटीत काहीही देऊ नये, फक्त ऐकावे. आणि ज्यांना आपण मदत करू, त्यांनाही काही दिवसांनी एखादे काम सांगावे. अंथरुणाला खिळलेली व्यक्ती रोज दोन एकट्या माणसांना फोन करून त्यांची चौकशी करू शकते, आणि पुष्कळदा ती हे काम धडधाकट माणसांपेक्षा अधिक नेमाने करते.

नमस्कार.