गोळी नेमकी बसते कुठे?

नमस्कार मंडळी! डिप्रेशनच्या गोळ्या घ्याव्यात की नाही ते डॉक्टरांना विचारा, आज मी बोलणारे ते एवढंच की गिळलेली गोळी मेंदूत जाऊन नेमकी बसते कुठे.

मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन, डोपामिन सोडून एकमेकींना निरोप देतात, आणि निरोप पोचला की ते रसायन परत आत ओढणारं प्रोटीन म्हणजे ट्रान्सपोर्टर. त्याला दोन दारं. बाहेरचं उघडतं, सेरोटोनिन आणि सोडियम आत शिरतात, बाहेरचं मिटतं, मगच आतलं उघडतं. परत सांगतो, दोन्ही दारं एकदम कधीच उघडी नसतात. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या अडवतात त्या याच ट्रान्सपोर्टरला. आणि हो, सेरोटोनिनला 'आनंदाचं रसायन' म्हणणं बंद करा राव, शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, ते काय तिथे आनंद वाटत बसलंय?

आता माझा लाडका किस्सा. माणसाचा ट्रान्सपोर्टर महा नाजूक, पेशीतून बाहेर काढला की मोडायला लागतो, मग रचना बघायला लागतात ते क्रिस्टल त्याचे कुठून बनणार? मग अमेरिकेतल्या एरिक गुओंच्या लॅबने धरला एक बॅक्टेरिया, अ‍ॅक्विफेक्स इओलिकस, ९५ डिग्रीच्या आसपासच्या पाण्यात मजेत जगणारा. त्याला मेंदू नाही, मूड नाही, डिप्रेशन तर लांबच राहिलं, पण ल्युसिन (एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचा घटक) आत ओढणारं त्याचं प्रोटीन आपल्या ट्रान्सपोर्टरच्या भाऊबंदांपैकी, आणि भक्कम. २००५ मध्ये त्याची रचना अणूअणूनिशी दिसली. (असल्या जंतूंवर पैसा कशाला घालवता म्हणणारे लोक मला भेटतात, त्यांच्याशी मी हल्ली वाद घालत नाही, नुसता हा किस्सा ऐकवतो.)

मग २००७ मध्ये दोन वेगळ्या टीमनी त्यात डिप्रेशनची जुनी औषधं घालून पाहिली, एकीने क्लोमिप्रामिन, दुसरीने डेसिप्रामिन, आणि दोघींनाही औषध दिसलं बाहेरच्या दारापाशी, ओसरीत म्हणा, ल्युसिन दोन दारांमधल्या खोलीत कोंडलेलं आणि औषध त्याच्या डोक्यावर. सापडलं म्हणायचं का? पण खटकत होतं. आपल्या ट्रान्सपोर्टरमध्ये औषध आणि सेरोटोनिन एकाच जागेसाठी भांडतात असं प्रयोग सांगत होते, आता एक ओसरीत आणि एक खोलीत असेल तर भांडण कशावरून? शिवाय बॅक्टेरियाच्या प्रोटीनला ही औषधं चिकटायचीही जेमतेम.

शेवटी मदतीला आली माशी. फळांवर घोंगावते ना, ती बारीक, ड्रॉसोफिला. तिच्या डोपामिन ट्रान्सपोर्टरमध्ये पाच ठिकाणी बदल करून तो टणक केला, एक अँटिबॉडी चिकटवली, आणि २०१३ मध्ये अरविंद पेनमत्सा, केविन वांग आणि गुओ यांनी नॉर्ट्रिप्टिलिन या डिप्रेशनच्या औषधासकट त्याची रचना काढली. औषध कुठे? ओसरीत नाही! थेट मधल्या खोलीत, डोपामिनच्या हक्काच्या जागेवर. परत सांगतो, मधल्या खोलीत.

तिथे अ‍ॅस्पार्टेट या अमिनो आम्लाचा ऋणभार असतो, औषधातला धनभारित नायट्रोजन त्याला धरून बसतो. बॅक्टेरियात त्या जागी नुसतं ग्लायसिन, तसा भार नसलेलं अमिनो आम्ल, मग धरायचं कशाला? आणि औषधाचा रेणू डोपामिनपेक्षा मोठा, त्यामुळे बाहेरचं दार मिटतच नाही, पाचर मारल्यासारखं. बाहेरचं मिटलं नाही तर आतलं उघडत नाही, काम ठप्प. २०१५ मध्ये कोकेनही असंच बसलेलं दिसलं. अ‍ॅम्फेटामिन मात्र लहान, ते स्वतःच आत शिरतं आणि डोपामिन उलटं बाहेर सोडायला लावतं, तो विषय मोठाय, आज वेळ नाही.

२०१६ मध्ये माणसाचा सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर एकदाचा हाती लागला. पॅरोक्सेटिन हे डिप्रेशनचं औषध बसलेलं मधल्या खोलीत, माशीत दिसलं तसंच. एस्सिटालोप्राम या दुसऱ्या औषधाचे मात्र दोन रेणू दिसले, एक मधल्या खोलीत आणि दुसरा, ऐका बरं का, ओसरीत! हा ओसरीतला आतल्याला लवकर बाहेर पडू देत नाही. म्हणजे तो उकळत्या पाण्यातला बॅक्टेरिया अगदीच थापा मारत नव्हता.