बारवेतले पारवे

श्रोतेहो, नमस्कार. परवा दिवस मावळताना आमच्या बारवेच्या पायरीवर बसून पारवे मोजत होतो. परभणी जिल्ह्यात बारवा पुष्कळ, वालूरची तर पाहण्यासारखी. आमची साधीच, पण तिच्या दगडांच्या सांदीत पारव्यांचे संसार माझ्या आजोबांच्या आधीपासूनचे. मोजले 21. मग प्रश्न पडला, यातले अस्सल किती?

अस्सल पारव्याचं अंग राखाडी, मानेवर हिरवी-जांभळी झाक, मिटलेल्या पंखावर दोन काळ्या पट्ट्या. असे भरले नऊ. बाकीच्यांच्या पंखभर काळे चट्टे, काही विटकरी, आणि एकाच्या पंखात चार पिसं पांढरीशुभ्र, कोणी चुन्याची बोटं पुसल्यासारखी.

हे आले ढाबळीतून. घारीनं हुसकलेलं, मालकानं नाद सोडल्यावर मोकळं झालेलं, सत्काराला उडवलेलं पाळीव कबूतर थेट पारव्यांच्या थव्यात शिरतं. सोयरीकही जमते, कारण जात एकच. कबूतर म्हणजे माणसानं पाळलेला पारवाच! पंख्यासारखी शेपटी फुलवणारा लक्कासुद्धा. 1859 साली डार्विननं हेच मांडलं. वेगवेगळ्या वाणांची सरमिसळ करून पाहिली, तर त्याला नातवंडांत पारव्याचा निळसर रंग आणि त्या दोन पट्ट्या परत दिसल्या.

बाभळीवरच्या होल्याचं घराणं निराळं. पण पिंजऱ्यात विकतात तो सायीच्या रंगाचा होला मूळ आफ्रिकेतला, आपल्या पठाणी होल्याचा जवळचा भाऊबंद. सुटला तर त्यांची जोडी जमू शकते. आपला होला तीन तुकड्यांत घुमतो. पाहुणा एक सूर लावून मग घशात लांब गुरगुरतो. रंगापेक्षा कानावर भरवसा ठेवा. आणि कंटाळा आला म्हणून तो पक्षी सोडून देऊ नका, एवढं मात्र ऐका.

बारवेत अंधारता अंधारता एका दिवळीत जोडी दिसली. नर अस्सल, मादी विटकरी. दोन पिलं बापाच्या घशात चोच खुपसून दूध पीत होती. हो, पारव्याच्या नराच्याही अन्नपिशवीत दूध तयार होतं. पिलांच्या पंखांना नुसते कोंब फुटलेत. या विटकरी रंगाची एक गंमत आहे: आई विटकरी आणि बाप राखाडी असला, की मुलगे आईच्या रंगावर जातात, मुली बापाच्या. पंधरवड्यानं पुन्हा पायरीवर जाऊन बसणार आहे.