‘येऊन राहिलो’चं इंग्रजी

(नागपुरात पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मित्रमैत्रिणींनो, मघाशी दारात तुमच्यातला एक जण फोनवर सांगत होता, ‘अबे, येऊन राहिलो ना, पाच मिनिटं थांब.’ मला पाहिलं आणि त्याचा आवाज बारीक झाला, पुढचं वाक्य पुस्तकी मराठीत आलं. तसं करायची काही गरज नव्हती. मी आज त्या ‘येऊन राहिलो’पासूनच सुरुवात करणार आहे.

‘तो येते’ आणि ‘तो येऊन राहिला’ यांत नागपूरचं चार वर्षांचं पोरगंसुद्धा गल्लत करत नाही. पहिलं रोजचं, दुसरं या घटकेला चाललेलं. इंग्रजीतल्या ‘ही कम्स’ आणि ‘ही इज कमिंग’ यांतला फरक बव्हंशी हाच आहे. तरी आपली मुलं ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणतात, ‘आय ॲम नोइंग हिम’ म्हणतात. यात दोष आम्हा शिक्षकांचा आहे. आम्ही ‘आयएनजी म्हणजे चालू काळ’ हे सूत्र पाठ करून घेतो आणि मुलाच्या तोंडात तयार असलेल्या भाषेशी त्याची गाठ घालून देत नाही. ‘मले दोन भाऊ असून राहिले’ असं इतवारीत कोणी म्हणेल का? ‘मले माहीत असून राहिलं’ म्हणेल का? जीभ जिथे अडते, तिथे इंग्रजीतही आयएनजी लावू नका. ही कसोटी सगळीकडे पुरत नाही, हेही सांगतो. ‘हे गाणं आवडून राहिलं’ आपण खुशाल म्हणतो, इंग्रजीत ‘लाइक’ला आयएनजी सहसा चालत नाही. अशी मोजकी क्रियापदं वेगळी लक्षात ठेवावी लागतात.

एका ठिकाणी मात्र आपली मराठीच आपल्याला चकवते. ‘काल मी बर्डीवर गेलो होतो.’ याचं इंग्रजी बहुतेक जण ‘आय हॅड गॉन’ असं करतात. आपला ‘होतो’ सांगतो की मी गेलो आणि परतही आलो, गोष्ट संपली. इंग्रजीच्या ‘हॅड’चं काम वेगळं आहे. होऊन गेलेल्या दोन गोष्टींपैकी आधीची कोणती, ते तो दाखवतो. मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती, इथे ‘हॅड लेफ्ट’ पाहिजे. नुसतं बर्डीवर जाऊन आलात, तर ‘वेंट’ म्हणा.

आता उच्चाराकडे येतो, कारण माझा जीव तिथे जास्त अडकला आहे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. माझ्या वेळी ते पाचवीत सुरू व्हायचं. आमच्या गुरुजींनी ‘वॉकेड’, ‘वॉशेड’ असं शिकवलं, आम्ही सत्तर पोरं एका सुरात तसंच म्हणायचो, आणि पुढे कितीतरी वर्षं मी तसंच बोलत राहिलो. गुरुजींना तरी कोणी सांगितलं होतं? खरा उच्चार ‘वॉक्ट’, ‘वॉश्ट’. पण ‘प्लेड’, ‘बेग्ड’. आणि ‘वाँटिड’, ‘नीडिड’. एकाच ‘एड’चे हे तीन उच्चार कशावरून ठरतात?

गळ्यावर दोन बोटं ठेवा. लांब ‘स्स्स’ म्हणा. आता गुणगुणणाऱ्या माशीसारखा आवाज काढा. दुसऱ्या वेळी बोटांखाली थरथर लागली ना? आपल्या व्याकरणात याला घोष म्हणतात. क, ख अघोष. ग, घ घोष. तुमच्या वर्णमालेत हे शोधावं लागत नाही, ओळीतच मांडून ठेवलेलं आहे. क्रियापदाचा शेवट अघोष असेल तर ‘एड’चा ट् होतो, घोष असेल किंवा स्वर असेल तर ड्. शेवटी मुळातच ट् किंवा ड् असेल, तरच ‘इड’. ‘कॅट्स’मध्ये स् ऐकू येतो आणि ‘डॉग्ज’मध्ये त्याची घोष जोडी, तेही याच न्यायानं. संस्कृतच्या तासाला वाक् अधिक ईश, वागीश, हे तुम्ही घोकलं असेल. तिथे पुढच्या घोष वर्णामुळे मागचा क् बदलून ग् होतो. इंग्रजीत मागच्या ध्वनीमुळे पुढचा बदलतो. दिशा उलटी, तत्त्व तेच. हे मला कळलं त्या दिवशी इतका आनंद झाला की रात्री झोप लागली नाही.

लिपीवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. वेदना आणि लेखणी, दोन्ही आपण ‘पेन’ लिहितो. चव आणि चाचणी, दोन्ही ‘टेस्ट’. इंग्रजीत हे दोन वेगळे स्वर आहेत, एक आखूड, एक ‘इ’कडे सरकत जाणारा. ‘व्हॅन’मधला व्ह खालच्या ओठाला वरचे दात टेकवून, ‘वॉटर’मधला व ओठांचा चंबू करून. हा भेद मराठी लेखनात पाळतात, पण ‘व्हॉट’, ‘व्हाय’ लिहिताना स्पेलिंगमधल्या एचमुळे फसतात. तिथेही ओठांचा चंबूच करायचा. आणि आघात! ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, म्हणून तो शब्द ‘फटॉग्रफर’सारखा ऐकू येतो. जोर नसलेले स्वर आपल्या साध्या ‘अ’पाशी येऊन विसावतात. शब्दकोशात आघाताची छोटी उभी रेघ असते, ती पाहिल्याशिवाय नवा शब्द वहीत उतरवू नका.

वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करणाऱ्यांना मी नेहमी अडवतो. वाक्प्रचार गावातून येतो, ते गाव आधी पाहावं. ‘न्यूकॅसलला कोळसा नेणं’ असं इंग्रजीत म्हणतात. टाइन नदीकाठच्या त्या बंदरातून शेकडो वर्षं लंडनला कोळसा जायचा. तिथेच कोळसा घेऊन जाणं म्हणजे फुकटची मेहनत. एका वर्गात मी एवढंच सांगून थांबलो. मागच्या बाकावर एक मुलगा होता, त्याचे वडील उमरेडच्या कोळसा खाणीत कामाला. एरवी तो तासाला तोंड उघडायचा नाही. तो उठून म्हणाला, ‘म्हंजे सर, कोणी नागपूरले संत्रं घेऊन येऊन राहिला.’ मी म्हटलं, आता हेच इंग्रजीत सांग. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘ही इज ब्रिंगिंग ऑरेंजेस टू नागपूर.’