नवतप्यात प्रोसेसरचा कूलर

[दृश्य: भर दुपार. अर्धवट ओढलेलं शटर, ओस पडलेला रस्ता.]

मे महिना सरत आलाय, नवतपा लागलाय. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे या दिवसांत पारा 45 च्या पुढे जातो आणि दुपारी बारा ते चार गावात चिटपाखरू दिसत नाही. फोटो स्टुडिओ मात्र चालूच आहे. लग्नं उरकली, व्हिडिओ द्यायचे राहिलेत.

टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये इंटेलचा कोअर आय-सेव्हन 12700 प्रोसेसर आहे. कागदावर 65 वॅटचा, पण जोर लावला की 180 वॅटपर्यंत जाणारा. त्याच्यावर खोक्यातूनच आलेला बुटका कूलर.

"पंखा त बोंबलून राहिला ना भाऊ," स्टुडिओवाले सांगतात, "पन एक्स्पोर्ट काही पुढं सरकेना."

[दृश्य: स्क्रीन. एकीकडे प्रोसेसरवर ताण देणारं सिनेबेंच, दुसरीकडे त्याचे आकडे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो.]

चाचणी सुरू होते न होते तोच तापमान शंभराला टेकतं आणि तिथंच थांबतं. पाहणाऱ्याला वाटेल, चला, स्थिरावलं. स्थिरावलं कसलं! 100 अंश ही या प्रोसेसरची मर्यादा. तिथं पोचला की तो आपणहून वेग उतरवतो, जास्त तापू नये म्हणून कामच कमी करतो. तेव्हा नुसतं तापमान बघून कूलरची पारख होत नाही. खालच्या दोन ओळी बघा, वॅट आणि गिगाहर्ट्झ. खरी घसरण तिथं आहे.

[दृश्य: जुना कूलर निघतो. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी, आता वाळलेली पेस्ट पुसली जाते.]

आता टॉवर कूलर, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांचा उभा मनोरा. चार हीटपाइप, 120 मिलिमीटरचा पंखा. कॅबिनेटमध्ये त्याची उंची मावते का, हे विकत घेण्याआधी मोजायचं असतं. बरेच जण नंतर मोजतात. मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढी पेस्ट, स्क्रू मात्र तिरक्या जोडीनं, थोडेथोडे आवळत.

हीटपाइप म्हणजे बंद तांब्याची नळी. आत हवा काढून घेतलेली आणि जरासं पाणी. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, पट्ट्यांकडच्या टोकाला वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते परत येतं. खिडकीतला वाळ्याचा कूलरही पाण्याची वाफ करूनच गारवा देतो. फरक एवढाच की पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की खिडकीतला कूलर हात टेकतो. नळीतल्या पाण्याला बाहेरच्या दमटपणाशी काही देणंघेणं नाही.

देणंघेणं आहे ते खोलीच्या तापमानाशी. पंख्याचा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. एसीत बसून कुणी 22 अंशांच्या खोलीत चाचणी घेतली आणि प्रोसेसर 78 वर राहिला, तर फरक 56 चा. तोच कूलर 42 अंशांच्या खोलीत आणा: 42 आणि 56, झाले 98. व्हिडिओत 78 पाहून खरेदी करणाऱ्या आपल्या माणसाला हे कोण सांगणार?

[दृश्य: कॅबिनेटच्या तोंडाशी टांगलेला थर्मामीटर.]

म्हणून थर्मामीटर भिंतीवर नको, कॅबिनेट जिथून हवा ओढतं तिथं हवा. झाकण लावलेलंच ठेवायचं, कारण रोजचं काम झाकण लावूनच होतं. आणि चाचणी अर्धा तास तरी चालू द्यायची. सुरुवातीला धातू गार असतो, पहिली काही मिनिटं कुठलाही कूलर शहाणाच वाटतो. एक फेरी खिडकीतला कूलर बंद ठेवून, एक चालू ठेवून. मात्र त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. तुषारांबरोबर क्षार येतात आणि मदरबोर्डवर पांढरे डाग धरतात.

[दृश्य: मार्करनं कॅबिनेटच्या पत्र्यावर आकडे लिहिणारा हात.]

खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, वॅट, पंख्याचा वेग आणि तारीख पत्र्यावरच लिहून टाका. दिवाळीनंतर हीच चाचणी पुन्हा घ्या. वॅट तेवढेच आणि फरक आठ-दहा अंशांनी वाढलेला दिसला, तर नवी पेस्ट मागवण्याआधी पट्ट्यांमधून ब्रश फिरवा. बहुतेक वेळा धूळच निघते.